पद्मिनी मधूनच मिसिंग करते, मधूनच बंद पडते: इग्निशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाबांची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी मी चालवते आणि तिचं इग्निशन, म्हणजे पेट्रोल पेटवणारी ठिणगी पाडणारी यंत्रणा, स्वतःच सांभाळते. जुनी गाडी बाळगणारी माणसं मला सारखं जे विचारतात, ते इथे एकत्र केलंय. उत्तरं मुख्यतः फियाट ११०० डिलाईट आणि पद्मिनीच्या १०८९ सीसी पेट्रोल इंजिनाला धरून आहेत. ॲम्बॅसडरचं काही वेगळं असेल तिथे तसं सांगितलंय. तुमची पद्मिनी १३७ डी, म्हणजे डिझेल असेल, तर तिला स्पार्क प्लगच नाहीत, तेव्हा हे पान तिच्या कामाचं नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वयोमर्यादा संपून रस्त्यावरून गेली. या गाड्यांचे पॉईंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे दोन छोटे संपर्क) डोळे मिटून लावणारे हातही आता हळूहळू कमी होतायत. म्हणून मालकानेच हे शिकून घ्यावं असं मला कळकळीने वाटतं. अवघड नाही, फक्त क्रम सोडायचा नाही.

१. गाडी चालता चालता बंद पडते. करंट जातो की पेट्रोल, हे कसं ओळखू?

बंद कशी पडली ते आधी आठवा. घरातला दिवा जावा तशी एका क्षणात गेली, तर संशय करंटवर घ्या. आचके देत, ॲक्सिलरेटर दाबूनही जोर ओसरत ओसरत गेली, तर पेट्रोलवर. बंद पडण्याआधी किंवा पुन्हा सुरू होताना सायलेन्सरमधून ‘फट्’ असा बार झाला असेल, तर पारडं करंटकडे आणखी झुकतं. ठिणगी मध्येच गेली की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साचतं आणि ठिणगी परत आली की तिथे भडकतं.

एवढ्यावर निकाल मात्र देऊ नका. निकाल एकाच गोष्टीने लागतो: गाडी जिथे बंद पडली तिथेच, इंजिन गरम असताना ठिणगी बघायची. त्याची रीत प्रश्न ६ मध्ये आहे. कडक निळी ठिणगी मिळाली, तरच कार्बोरेटरकडे वळा.

‘वीस मिनिटं थांबलो, मग सुरू झाली, म्हणजे पेट्रोल लॉक (उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ होऊन वाट अडणं) होतं’ असं पुष्कळजण म्हणतात. तेवढ्या वेळात पेट्रोलची नळी थंड होते, तशी कॉईलही थंड होते आणि कंडेन्सरही. थांबल्याने सुरू झाली यावरून काहीच ठरत नाही.

२. पॉईंट, कंडेन्सर, कॉईल, रोटर यांत कोण नेमकं काय करतं?

इग्निशनचे दोन भाग समजा. पहिला १२ व्होल्टचा: बॅटरी, चावीचा स्विच, कॉईलचं आतलं जाड तारेचं वेटोळं, पॉईंट आणि अर्थ (करंट बॅटरीकडे परत नेणारा इंजिनाचा आणि बॉडीचा धातू). दुसरा हजारो व्होल्टचा: कॉईलचं बारीक तारेचं वेटोळं, मधली जाड वायर, कॅप, रोटर, प्लग वायर आणि प्लग.

पॉईंट मिटलेले असतात तेव्हा कॉईलमधून करंट वाहतो आणि तिच्यात चुंबकत्व भरतं. पॉईंट उघडले की ते चुंबकत्व झटकन कोसळतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात मोठा दाब (व्होल्टेज) तयार होतो. कॅपखाली फिरणारा रोटर तो पाळीपाळीने एकेका प्लगच्या वायरीकडे पोचवतो. पॉईंट, रोटर आणि कॅप जिथे एकत्र असतात तो डिस्ट्रिब्युटर. ठिणगी पॉईंट उघडताना पडते, मिटताना नाही. कंडेन्सरचं काम हे कोसळणं झटक्यात घडवण्याचं. तो नसेल तर करंट उघडणाऱ्या पॉईंटमधूनच उडी मारत राहतो, पॉईंट जळतात आणि प्लगपर्यंत दुबळी ठिणगी पोचते.

चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात. ३००० आरपीएमला मिनिटाला ६०००, म्हणजे सेकंदाला १००. त्यातल्या चार-पाच चुकल्या तरी तुम्हाला झटका जाणवतो, यालाच मिसिंग म्हणतात. म्हणून थोडंसं लूज कनेक्शनही इथे खपत नाही.

३. गाडीत कोणतं सामान ठेवू?

टेस्ट लॅम्प, फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), साधा मल्टिमीटर, रबरी मुठीची पक्कड, दोन्ही टोकांना क्लिप असलेली दोनेक मीटर वायर आणि कोरडं सुती फडकं. सुट्या भागांत पॉईंटचा सेट, रोटर आणि कंडेन्सर. टेस्ट लॅम्प घरीही होतो: ५ वॅटचा १२ व्होल्टचा बल्ब, दोन वायरी, एक क्लिप आणि एक टोकदार सुई. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब वापरू नका, तो जास्त करंट खेचतो आणि कॉईलच्या तपासणीत फसवतो.

कंडेन्सर आणि रोटर डिकीत ठेवण्याआधी एकदा गाडीला लावून, शंभरेक किलोमीटर चालवून मगच ठेवा. कारण प्रश्न ८ मध्ये आहे.

४. गॅरेजमध्ये नेली की गाडी अगदी नीट चालते. मेकॅनिक म्हणतो, काहीच दोष नाही. मी काय करू?

मला सर्वात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि माझ्या मते सगळ्या पानाचा गाभाही हाच. ‘कधी कधी’ बंद पडणारी गाडी लहरी नसते. ती ठरावीक अटीवरच बंद पडते, फक्त ती अट आपल्याला अजून सापडलेली नसते. गॅरेजात ती अट पुरी होत नाही, म्हणून गाडी नीट चालते.

एक छोटी वही गाडीत ठेवा. दर वेळी लिहा: इंजिन किती वेळ चालू होतं, हवा कशी होती, चढ होता की सपाट, कोणता गिअर, ॲक्सिलरेटर दाबलेला की सोडलेला, हेडलाइट चालू होते का, नुकताच खड्डा गेला का, वळण कोणत्या बाजूचं होतं, पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला. सात-आठ नोंदी झाल्या की अट डोळ्यांपुढे येते. उष्णता असेल तर प्रश्न ७, हादरे असतील तर प्रश्न ११, ओल असेल तर प्रश्न १३, भार असेल तर प्रश्न १५ पाहा.

माझ्या गाडीचं सांगते. खंबाटकी घाटात ती क्षणभर करंट सोडायची आणि पुन्हा धरायची. एका गॅरेजने दोनदा कॉईल बदलली, एकदा डिस्ट्रिब्युटर बदलला. उपयोग शून्य. वहीत तीन आठवडे नोंदी केल्यावर दिसलं की हे फक्त दुसऱ्या गिअरमध्ये, जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावरच होतं, इंजिन गार असो वा गरम. म्हणजे उष्णता नाही, पेट्रोलही नाही. मग मी मुलाला आत बसवलं, हँडब्रेक ओढला, बोनेट उघडं ठेवून बाजूला उभी राहिले आणि त्याला क्लच किंचित सोडायला सांगितला. जोर लागला की इंजिन माउंटिंगवर एका अंगाला कलतं. कॉईलकडून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर कुणीतरी आखूड जोडली होती, इंजिन कललं की ती ताणली जाऊन टोकाशी सुटत होती. चार इंच लांब वायर टाकली आणि काम झालं. (ही तपासणी करताना गाडीच्या पुढे कुणीही उभं राहायचं नाही.)

५. ठिणगी बघताना शॉक बसतो का?

बसतो, आणि जोरदार बसतो. हजारो व्होल्ट असतात. रबरी मुठीच्या पक्कडीने वायर धरा आणि दुसरा हात गाडीच्या पत्र्याला टेकवू नका. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी ही तपासणी स्वतः करू नये, चालू इंजिनाच्या जवळही उभं राहू नये. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी गळती शोधा, ठिणगी नंतर.

आणखी एक: वायर धातूपासून अंगुळ-दोन अंगुळं लांब धरून ‘किती लांब उडी मारते’ हे बघायचा मोह टाळा. ठिणगीला वाट मिळाली नाही की ती कॉईलच्या आतल्या आत वाट काढते आणि चांगली कॉईल जाते.

६. रस्त्याच्या कडेला बंद पडली. कोणत्या क्रमाने तपासू?

आधी बॅटरीची टोकं हाताने पिळून बघा. मग कॅपच्या मध्यावरची जाड वायर काढा, तिचं टोक इंजिनाच्या धातूपासून ५-६ मिलीमीटरवर पक्कडीने धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. तडतडणारी निळी ठिणगी आली तर कॉईलपर्यंत सगळं ठीक आहे. दोष कॅप, रोटर, प्लग वायर किंवा प्लगमध्ये आहे, किंवा करंटचा नाहीच. ठिणगी पिवळट, बारीक, मधूनमधून किंवा अजिबात नाही, तर टेस्ट लॅम्प काढा. त्याची क्लिप इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावा आणि चावी चालू करा.

स्विचकडून वायर येते ते कॉईलचं टोक तपासा. लॅम्प लागला नाही, तर स्विच, वायरिंग किंवा बॅटरी. प्रश्न ११ पाहा.

तिथे लागला, तर आता डिस्ट्रिब्युटरकडे वायर जाते ते टोक तपासा आणि सेल्फ मारा. लॅम्प उघडझाप करायला हवा, कारण पॉईंट उघडले की तो लागतो, मिटले की विझतो. उघडझाप नीट होतेय आणि तरी ठिणगी नाही, तर कंडेन्सर किंवा कॉईल. लॅम्प सतत लागूनच राहिला, तर पॉईंट मिटत नाहीत, काजळलेत, किंवा त्यांची वायर वा अर्थ तुटलाय. लॅम्प सतत विझलेला राहिला, तर पॉईंट उघडत नाहीत, किंवा डिस्ट्रिब्युटरात काहीतरी अर्थला टेकलंय, किंवा कॉईलचं आतलं वेटोळं तुटलंय. हे वेगळं काढायला डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर कॉईलवरून काढा. लॅम्प लागला तर दोष डिस्ट्रिब्युटरात, नाही लागला तर कॉईलमध्ये.

एकूण पाच मिनिटांचं काम आहे. पण बंद पडलेल्या अवस्थेतच करायचं. थंड होऊन गाडी सुरू झाली की ही संधी गेली.

७. थंड असताना उत्तम चालते, अर्ध्या तासाने बंद, निवली की पुन्हा सुरू. कॉईल गेली का?

असेलही, पण आधी नाव कंडेन्सरचं घ्या. तपासायची सोपी रीत आहे. खात्रीचा कंडेन्सर घ्या, त्याची वायर कॉईलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला जोडा आणि त्याचं धातूचं अंग इंजिनाला पक्कं टेकवा. डिस्ट्रिब्युटर उघडायचीही गरज नाही. गाडी लगेच सुरू झाली, तर जुना कंडेन्सर आतून तुटलाय. तो आतून शॉर्ट झाला असेल तर मात्र ही युक्ती चालणार नाही, जुन्याची वायर सोडवावीच लागेल.

कॉईलकडे वळताना मल्टिमीटर जपून वापरा. बॅलास्ट (काही गाड्यांत कॉईलच्या आधी जोडलेला जादा रोध) नसलेल्या १२ व्होल्टच्या कॉईलचा रोध दोन छोट्या टोकांमध्ये साधारण ३ ओम भरतो. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे कॉईल ७५ अंश जास्त तापली की ३ ओमचे ३.९ होणारच. एवढ्यावरून चांगली कॉईल फेकून दिलेली मी पाहिली आहे. रोध एकदम दहा-वीस ओमवर उडत असेल किंवा तुटतच असेल, तर कॉईल गेली. मोठ्या दाबाखाली आतलं आवरण फुटत असेल तर मल्टिमीटर ते दाखवतच नाही. तिथे दुसरी कॉईल क्लिपच्या वायरीने तात्पुरती लावून बघणं हाच उपाय. खालून तेल पाझरलेली कॉईल मात्र तपासत बसू नका, बदला.

कॉईल अवाजवी तापण्यामागे अनेकदा मालकाची सवय असते. इंजिन बंद, चावी चालू, रेडिओ ऐकणं चालू. पॉईंट मिटलेले असतील तर ३ ओममधून ४ अँपिअर सतत वाहतात आणि कॉईल शिजते.

आणि मे महिन्यात घाटात असं झालं, ठिणगीही चांगली मिळाली, तर मात्र पेट्रोल लॉक. पेट्रोलचा पंप इंजिनालाच बसवलेला असतो, तिथली उष्णता त्याला लागते. ओलं फडकं पंपावर ठेवायची जुन्या ड्रायव्हरांची रीत खरोखर उपयोगी पडते.

८. नवा कंडेन्सर टाकला तरी तोच त्रास. मग दोष दुसरीकडे असणार ना?

तसं धरू नका. नवा भाग म्हणजे चांगला भाग हे या गाड्यांच्या बाबतीत आता खरं राहिलेलं नाही. पाकिटात वर्षानुवर्षं पडून राहिलेले कंडेन्सर, सैल रिव्हेटचे रोटर, मऊ टाचेचे पॉईंट सर्रास मिळतात. म्हणूनच प्रश्न ३ मध्ये भाग आधी चालवून बघायला सांगितलंय. जुना, चालता कंडेन्सर निव्वळ वय झालं म्हणून बदलू नका. मोजायचाच असेल तर पॉईंट इग्निशनचा कंडेन्सर साधारण ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरडचा असतो.

एका वेळी एकच भाग बदला, आणि बदललेला जुना भाग ओळखीचा दोरा बांधून जपून ठेवा. चार भाग एकदम बदलले तर गाडी सुधारली तरी कारण कळत नाही, आणि बिघडली तर शोध दुप्पट होतो.

९. पॉईंट सारखे जळतात. दर दोन महिन्यांनी पॉलिश पेपर मारावा लागतो. का?

पहिला संशय कंडेन्सरवर, किंवा तो डिस्ट्रिब्युटरला जिथे स्क्रूने बसतो तिथल्या गंजावर. कंडेन्सरचा अर्थ त्याच स्क्रूतून जातो. उघड्या पॉईंटमधली गॅप फार कमी असेल तरी ते काळे पडतात. आतल्या कॅमला (पॉईंटची टाच ढकलून ते उघडणारा फिरता भाग) ग्रीस जास्त लावलं तर ते उडून पॉईंटवर जळतं. ग्रीस अगदीच नसेल तर पॉईंटची टाच झिजते आणि गॅप मिटत जाते. तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस पुरतं.

पॉलिश पेपरचे कण पॉईंटमध्ये अडकतात. बारीक कानस चांगली, आणि शेवटी कोरा कागद मिटलेल्या पॉईंटमधून ओढून काढा. नवे पॉईंट बसवण्याआधी त्यांच्यावरचं संरक्षक तेल पुसायला विसरू नका. नवे पॉईंट टाकल्यावर गाडी मिसिंग का करते, याचं उत्तर अनेकदा एवढंच असतं.

१०. गॅप किती ठेवू? लावून दिली तरी टिकत नाही.

फियाट आणि पद्मिनीला साधारण ०.४५ मिलीमीटर, मिस्त्रींच्या भाषेत सतरा-अठरा थाऊ (इंचाचा हजारावा भाग). ॲम्बॅसडरच्या लुकास डिस्ट्रिब्युटरला पंधरा थाऊ. टाच कॅमच्या उंच टोकावर असतानाच मोजायची. गॅप बदलली की टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) सरकतं, म्हणून क्रम कायम आधी गॅप, मग टायमिंग.

चारही टोकांवर गॅप मोजा. एका टोकावर अठरा, दुसऱ्यावर चौदा येत असेल, तर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बुशात खेळतोय. शाफ्ट दोन बोटांत धरून आडवा हलवून बघा. लक्षात येण्याइतका हलला तर कितीही नवे पॉईंट टाका, गाडी आज या सिलिंडरला मिसिंग करेल, उद्या त्या. बुश बदलणं हाच इलाज, आणि चांगल्या टर्नरकडे तो होतो.

११. खड्ड्यात गेली की झटका मारते, कधी पूर्ण बंद होते. कुठे शोधू?

इंजिन चालू ठेवून, लाकडी दांड्याने हळू ठोकत आणि वायरी एकेक हलवत जा: बॅटरीची टोकं, बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थ पट्टी, इंजिनापासून बॉडीला जाणारी पट्टी, कॉईलची टोकं, चावीच्या स्विचमागचा जोड. चावी स्विचमध्ये हलवल्यावर इंजिन दचकलं, तर स्विचच्या आतले संपर्क झिजलेत. जड जुडगा लटकवू नका, त्याच्या हिसक्याने स्विच लवकर जातो.

स्विचवर दाट संशय असेल तर बॅटरीच्या अधिक टोकावरून, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज घालून, थेट कॉईलच्या स्विचकडच्या टोकाला वायर द्या आणि चालवून बघा. दोष गेला तर तो स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे. ही वायर असेपर्यंत चावीने इंजिन बंद होणार नाही, वायर काढावी लागेल, हे गाडीतल्या सगळ्यांना सांगून ठेवा. बॅलास्ट असलेल्या गाडीत ही वायर जास्त वेळ ठेवू नका. ॲम्बॅसडरमध्ये स्विचकडून कॉईलला येणारी वायर पांढरी, आणि कॉईलकडून डिस्ट्रिब्युटरला जाणारी पांढरी-काळी असते.

डिस्ट्रिब्युटरच्या आतली छोटी वायर सगळ्यांच्या नजरेतून सुटते. व्हॅक्यूम ॲडव्हान्स (इंजिनाच्या हवेच्या ओढीने टायमिंग पुढेमागे करणारी सोय) असलेल्या डिस्ट्रिब्युटरात पॉईंटची प्लेट सतत मागेपुढे फिरते आणि तिच्याबरोबर ही वायर वाकत राहते. वर्षानुवर्षं वाकून आतली तार तुटते, वरचं आवरण शाबूत राहतं. बघून कळत नाही, हलकेच ओढली की रबरासारखी ताणते. प्लेटला अर्थ देणारी विणलेली वायरही अशीच तुटते. इंजिन आयडलवर ठेवून व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढा. प्लेट हलताच मिसिंग सुरू झालं तर चोर सापडला. तिथे साधी घरगुती वायर चालत नाही, बारीक अनेक तारांची मऊ वायरच घाला.

१२. सेल्फ मारताना सुरू होते, चावी सोडली की लगेच बंद. हे काय?

ज्या गाडीत बॅलास्ट रोध आहे तिथलं हे ठरलेलं लक्षण. सेल्फ मारताना कॉईलला थेट बॅटरीचा करंट मिळतो, चावी सोडल्यावर तो बॅलास्टमधून येतो. बॅलास्ट तुटला की दुसरी वाट बंद. बॅलास्ट नसेल तर स्विचचा ‘चालू’ स्थितीतला संपर्क गेलेला असतो. बॅलास्टवाल्या कॉईलचा रोध साधारण दीड ओम असतो. अशी कॉईल बॅलास्ट नसलेल्या गाडीत बसवली तर पॉईंट आणि कॉईल दोन्ही भाजतात. उलट केलं, तर गाडी चालते पण ठिणगी दुबळी.

१३. पावसाळ्यात सकाळी सुरूच होत नाही, झाली तर तीन सिलिंडरवर. आम्ही कोकणात राहतो.

तिथे ओलीबरोबर खारी हवाही असते. कॅपच्या आत बाष्पाचा पातळ थर बसतो आणि ठिणगी प्लगकडे जाण्याऐवजी त्यावरून अर्थला पळते. कॅप काढा, आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा, उन्हात किंवा चुलीजवळच्या उबेत ठेवा. पेट्रोलने पुसून लगेच सेल्फ मारणं अत्यंत धोक्याचं आहे.

पुसून दरवेळी सुरू होत असेल तरी तिथे थांबू नका. कॅपच्या आत उजेड टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक काळी रेघ शोधा. एकदा ठिणगीने तशी वाट पाडली की कॅप निकामी झाली, खरवडून भागत नाही. मधला कार्बनचा खिळा स्प्रिंगवर मोकळा हलतो ना, तेही बघा.

अमावास्येच्या काळोखात इंजिन चालू ठेवून बोनेट उघडा आणि वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा. जिथे आवरण फुटलंय तिथे निळसर चमक नाचताना दिसते. फुटलेल्या वायरी शोधायची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

रोटरचा दोष डोळ्यांना दिसत नाही. तो मधल्या रिव्हेटखालून आतल्या शाफ्टला करंट सोडतो. कॅप काढा, रोटर जागेवर ठेवा, मधली जाड वायर रोटरच्या पितळी पट्टीच्या अगदी जवळ धरा आणि चावी चालू ठेवून मिटलेले पॉईंट लाकडी काडीने झटकन उघडा. रोटरवर ठिणगी उडी मारत असेल तर रोटर फुटलाय. चांगल्या रोटरवर तिला जायला जागाच नसते.

१४. एकच सिलिंडर मिसिंग करतो. कोणता आणि का, कसं शोधू?

आयडलवर एकेक प्लगची वायर पक्कडीने काढून लगेच लावा. जी काढल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. मग त्याचा प्लग शेजाऱ्याशी बदला. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग, नाही गेला तर वायर बदलून बघा. कार्बन गाभ्याच्या वायरी आतून तुटतात, मल्टिमीटर लावून वाकवत तपासा.

दोन सिलिंडर एकदम मेले तर खरी गंमत आहे. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे कॅपमध्ये १ चे शेजारी ३ आणि २ आहेत, तर ४ चे शेजारी ३ आणि २. कॅपमधली भेग कॅपमधल्या शेजाऱ्यांना मारते, हेड गॅस्केट फुटलं तर इंजिनातल्या शेजाऱ्यांना. १ आणि ३, किंवा २ आणि ४ गेले, तर कॅप बघा. २ आणि ३ गेले, तर गॅस्केट, कारण कॅपमध्ये ते समोरासमोर आहेत. १ आणि २, किंवा ३ आणि ४ गेले, तर दोन्ही शक्य, कॉम्प्रेशन मोजूनच ठरवा.

मिसिंग आज एका सिलिंडरला, उद्या दुसऱ्याला होत असेल, तर प्रश्न १०.

१५. आयडल छान, सपाटीवर छान, चढावर किंवा ओव्हरटेक करताना मिसिंग.

ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण दाबलं जातं आणि त्यातून ठिणगीला उडी मारायला जास्त दाब लागतो. दुबळा दुवा तिथे उघडा पडतो. आधी प्लगची गॅप मोजा. झिजून ती एक मिलीमीटरवर गेलेली असते, ०.६ वर आणा. मग प्लग वायरी, मग रोटर, मग कॉईल. सगळं ठीक निघालं तर कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये (पेट्रोल साठतं त्या कप्प्यात) पेट्रोल कमी पडतंय का ते पाहा, कारण त्याचंही लक्षण हेच.

१६. पेट्रोलवर नीट चालते, सीएनजीवर मिसिंग करते. गॅस किट खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. सीएनजीचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त दाबाची ठिणगी लागते, म्हणून इग्निशनमधला दोष आधी गॅसवर दिसतो, काही महिन्यांनी पेट्रोलवर. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना हे पक्कं ठाऊक होतं. प्लगची गॅप किंचित कमी करा, वायरी आणि कॅप तपासा, आणि मगच किटला हात लावा.

१७. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं तर हा सगळा त्रास संपेल?

पॉईंट आणि कंडेन्सरचा संपेल. स्विच, वायरिंग, अर्थ, कॅप, रोटर, वायरी यांचा नाही, आणि मला येणारे निम्म्याहून अधिक प्रश्न यांचेच असतात. आधी दोष शोधा, मग इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवा. दोष असलेल्या गाडीवर किट चढवलं की दोष तोच राहतो, फक्त टेस्ट लॅम्पने शोधायची सोपी वाट बंद होते.

किटला कॉईलचा रोध किती हवा ते त्याच्या पत्रकात बघा, अधिक-उणे उलटं लावू नका, इंजिन बंद असताना चावी चालू सोडू नका. पॉईंट थकत थकत जातात, घरी तरी पोचवतात. किट जातं तेव्हा एका क्षणात जातं. म्हणून काढलेले पॉईंट आणि प्लेट डिकीत ठेवा.

१८. माझ्या जुन्या ब्रिटिश गाडीचा पॉझिटिव्ह अर्थ बदलून निगेटिव्ह केला. तेव्हापासून मिसिंग.

कॉईलच्या वायरी उलट करायच्या राहिल्या असतील. जुन्या लुकास कॉईलवर अधिक-उणे नाही, एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलेलं असतं: स्विच आणि पॉईंट. अर्थ बदलला की या दोन वायरींची अदलाबदल करायची. प्लगचा मधला तापलेला खांब ऋण असेल तर ठिणगी सहज पडते, उलट असेल तर जास्त दाब लागतो. गाडी सुरू होते, चालतेही, फक्त भार आला की चुकते. नवी कॉईल घाईने लावताना पद्मिनीतही हे होतं.

१९. चावी बंद केली तरी इंजिन गडगडत चालूच राहतं. स्विच चिकटला?

कॉईलला टेस्ट लॅम्प लावा. चावी बंद करूनही लॅम्प लागत असेल तर स्विच. लागत नसेल तर सिलिंडरमधला तापलेला कार्बन मिश्रण पेटवतोय. आयडल फार वर ठेवलेलं असणं हे त्याचं नेहमीचं कारण. इग्निशनच्या दुरुस्तीने ते जाणार नाही.

२०. तीन मेकॅनिक झाले, कॉईलपासून प्लगपर्यंत सगळं बदललं, वहीतही काही सापडलं नाही. महिन्यातून एकदा दोन सेकंद बंद होते, आणि बोनेट उघडेपर्यंत नीट. आता?

आता टेस्ट लॅम्प बोनेटखालून काढून डोळ्यांसमोर आणा. दोन छोटे १२ व्होल्टचे बल्ब डॅशबोर्डवर चिकटवा. एकाची वायर कॉईलच्या स्विचकडच्या टोकाला, दुसऱ्याची डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला. दोन्ही वायरींत कॉईलजवळच एक-एक अँपिअरचा फ्यूज घाला, नाहीतर वायर कुठे घासली तर नवाच दोष तयार होईल. बल्बची दुसरी टोकं बॉडीला. इंजिन चालू असताना पहिला बल्ब पूर्ण उजेड देईल, दुसरा मंद, कारण तो सेकंदाला अनेकदा उघडझाप करतोय.

मग नेहमीसारखी गाडी वापरा आणि वाट पाहा. बंद होईल तेव्हा लगेच क्लच दाबू नका. गिअरमध्ये असेपर्यंत चाकं इंजिनाला फिरवत राहतात आणि तेवढ्या दोन सेकंदांत बल्ब सांगून जातात. शेजारी कुणी असेल तर बल्बकडे बघायचं काम त्याला द्या, तुम्ही रस्त्याकडे बघा.

पहिला विझला, तर बॅटरी ते कॉईल, म्हणजे प्रश्न ११ चा पहिला भाग. पहिला लागलेला आणि दुसरा एकदम पूर्ण उजेडात आला, तर पॉईंटच्या बाजूची वाट तुटतेय: काजळलेले पॉईंट, ती आतली छोटी वायर किंवा प्लेटचा अर्थ. पहिला लागलेला आणि दुसरा विझला, तर काहीतरी अर्थला टेकतंय. पॉईंटची वायर डिस्ट्रिब्युटरच्या भिंतीतून जिथे आत शिरते तिथलं इन्सुलेशन आधी बघा, मग कंडेन्सर. तिथेही काही नाही, तर कॉईलचं जाड वेटोळं मध्येच तुटतंय. दोन्ही बल्ब होते तसेच राहिले आणि तरी इंजिन गेलं, तर १२ व्होल्टची बाजू बहुतांशी सुटली: कंडेन्सर एकदा बदलून बघा, मग मधली जाड वायर, कॅपमधला कार्बनचा खिळा आणि रोटर. तेही ठीक निघाले तर कार्बोरेटर उघडायला हरकत नाही.

माझ्या एका स्नेह्यांच्या फियाटमध्ये हे बल्ब सात आठवडे होते. आठव्या आठवड्यात दुसरा बल्ब क्षणभर झळकला. प्लेटचा अर्थ अर्धा तुटलेला निघाला.